मेस्त्रीकाकांना विचारा : गजाआडचं जेवण आणि मनातले मांडे

गेल्या अंकात सहज लिहून गेलो, की बेळगावला परत येण्याआधी सव्वीस वर्षं मुंबई-बेंगळूरच्या हॉटेलांची लाकडी कामं केली. झालं! एरवी दार कुरकुरतं, कपाटाला वाळवी लागली अशी पत्रं येतात; या महिन्यात निम्मी पाकिटं हॉटेलांची. जेलसारखं हॉटेल, रेल्वेच्या डब्यासारखं हॉटेल, आजीच्या घरासारखं हॉटेल. सगळ्यांना एकदाच उत्तरं देऊन मोकळा होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा वाळवी.

प्रश्न : मेस्त्रीकाका, जांबोटीजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. आजेसासूबाई गेल्यापासून बंदच. मुलगी बेंगळूरला नोकरीला असते, ती तिथल्या थीम कॅफेंचे फोटो पाठवत असते. तिचं म्हणणं, गोव्याला जाणाऱ्या गाड्या दारावरूनच जातात, तर आपण घराचंच ‘व्हिलेज थीम’ कॅफे करू. एक इंटिरियरवाला बघून गेला. सोप्याची भिंत काढून काच, खांबांना अँटिक पॉलिश आणि सगळ्या भिंतींवर वारली चित्रं असं त्याचं मत. आमच्या ह्यांना हॉटेलच नको आहे. काय करावं? – एक वाचक, खानापूर तालुका

ताई, भिंत पाडायची नाही. जुन्या घरात कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठलीवर तुळईचं ओझं आहे, हे माळ्यावर चढल्याशिवाय कळत नाही. तो गृहस्थ माळ्यावर चढल्याचं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. शिवाय जांबोटीचा पाऊस. चोर्ला घाटाच्या बाजूनं आषाढात पाणी आडवं येतं. काच लावून सोपा बंद केलात की आत दमट कोंडणार, आणि गिऱ्हाइकाला पावसाऐवजी वाफ धरलेली काच बघत बसावं लागणार. अहो, गोव्याला निघालेला माणूस तुमच्याकडं थांबणार तो त्या उघड्या सोप्यात बसून कौलावरचा पाऊस ऐकायला. तो तुम्हाला फुकट मिळालाय.

आता अँटिक पॉलिश. हे मी शेकडो ठिकाणी केलंय, म्हणून रीत सांगतो. नवं पाईनचं लाकूड घ्यायचं. तारेच्या ब्रशनं मऊ रेषा खरवडून काढायच्या. सायकलच्या चेननं चार ठिकाणी बडवायचं, खिळ्यानं किडीची भोकं पाडायची, वर काळपट स्टेन मारून मेण घासायचं. दोन दिवसांत लाकूड शंभर वर्षांचं होतं! तुमचे फणसाचे खांब तेवढे म्हातारे आपल्या आपण झालेत. बसल्यावर पाठ टेकते तिथं खांबाला जो काळा, तुळतुळीत पट्टा असतो, तो तुमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पाठींनी केलेला आहे. तसला पट्टा आणून द्या म्हणून मुंबईचे मालक माझ्यामागं लागायचे आणि मी चेन घेऊन बसायचो. खांब कोमट पाण्यानं पुसा, आठवडाभर वाळू द्या आणि जवसाचं तेल फडक्यानं पातळ चोळा. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवूनच फेकायची.

वारली चित्रांबद्दल माझं डोकं जरा गरम आहे, क्षमा करा. ती पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची. त्यांच्या लग्नातला चौक, त्यांचा तारपा. सुंदरच आहेत. पण बेंगळूरपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही ‘गावरान’ हॉटेलात गेलं की भिंतीवर तीच काडीची माणसं गोल फेर धरलेली. खानापुरात ती काढणं म्हणजे दुसऱ्याच्या आजीचा फोटो आपल्या देव्हाऱ्यात लावण्यासारखं आहे. तुमच्या आजेसासूबाई भिंतीला काय करत होत्या ते आठवा. खाली गेरूचा पट्टा, वर चुना, नागपंचमीला दाराशी नाग. तेवढंच करा. आणि खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली आहे, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा तालुक्याच्या गावात आहे. पाण्याचे डेरे, दह्याची गाडगी, चहाचे कप तिथल्या कुंभारांकडून घ्या. राजस्थानचे कप ऑनलाइन मागवून त्याला आपलं गाव म्हणू नका.

खेड्याची थीम नीट केलेली मी एकच बघितली, अहमदाबादची ‘विशाला’. १९७८ मध्ये सुरेंद्र पटेल यांनी काढलेली. कामानिमित्त अहमदाबादला गेलो होतो, तेव्हा कंत्राटदारानं नेलं. कंदिलाच्या उजेडात, खाली बसून जेवण. पण मी जेवण विसरलो ते शेजारच्या भांड्यांच्या संग्रहालयामुळं. लोक घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायला लागले, तेव्हा या माणसानं ती जमवायला घेतली आणि १९८१ मध्ये त्याच आवारात ‘वेचार’ संग्रहालय उभं केलं. नुसत्या अडकित्त्यांनीच डोळे फिरतात. सजावट म्हणून ती भांडी आणलेली नाहीत. एका माणसाला भांड्यांचं वेड लागलं, आणि आपण त्या वेडात बसून जेवतो.

याच्या उलट माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मुंबईत एका जुन्या गिरणीच्या जागेत ‘गाव’ उभारायचं काम होतं. प्लायवर ॲक्रिलिकचा शेणरंग, आत एलईडी घातलेले कंदील, छताला प्लॅस्टिकची कणसं. मालक म्हणाला, एक खरं जातं पाहिजे. मी भाबडा माणूस, गावाकडून आजीचं जातं एसटीच्या टपावर टाकून आणलं. उद्घाटनाला गेलो तर ते दाराशीच ठेवलेलं, वर छान पिवळा उजेड सोडलेला. मला अगदी भरून आलं. सहा महिन्यांनी एक दार दुरुस्त करायला पुन्हा गेलो, तेव्हा जात्याच्या तोंडात सिगारेटची थोटकं होती. परत मागितलं, तर म्हणाले, बिलात धरलंय. तेव्हापासून मी कामाच्या ठिकाणी घरची वस्तू नेत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, जातं मांडायचं असेल तर त्यावर काहीतरी दळलं जाऊ दे. आपल्या बेळगाव भागात मांडे आहेत की ओ! चुलीवरच्या तापल्या, उपड्या कढईवर ती कागदासारखी पातळ पोळी हातावर फिरवून टाकणारी बाई बसवा, सगळ्यांना दिसेल अशी. आठवड्यातून दोन दिवस, शनिवार-रविवार. लोक खांबाचा एक फोटो काढतील आणि त्या बाईच्या हाताचे वीस. बाईला पगार नीट द्या, मांडे येणाऱ्या फार उरलेल्या नाहीत.

बाकीचं पटापट सांगतो. शेणानं सारवलेली जमीन फोटोत छान दिसते, पण पावसाळ्यात खुर्चीचे पाय रुततात आणि अन्न परवान्याचा माणूस आला की बोलणी बसतात. शहाबादी फरशी घाला. बल्ब पिवळे, २७०० केल्विन असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या. पांढऱ्या उजेडात आमटी आजारी दिसते. जेवणाच्या टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीच्या बैठकीची १८. या दोन आकड्यांमधलं बारा इंचांचं अंतर सोडू नका, मग थीम कुठलीही असो. आणि सजावटीच्या पैशातला पहिला रुपया संडासावर घाला. चोर्ल्याच्या रस्त्यावर बायका-पोरांची गाडी थांबते ती आधी त्यासाठी.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मात्र मला पटतंय. पहाटे पाचला उठून आंबोळीचं पीठ कोण बघणार, भांडी घासणारी आली नाही तर हात कोण घालणार, हे मुलीच्या फोटोत येत नाही. त्याचं उत्तर घरात आधी ठरू दे. नाहीतर मांडे मनातच राहू देत, त्याला तूप लागत नाही.

प्रश्न : वडील लोंढ्याला रेल्वेत होते, आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांना घेऊन तीन दिवस मुंबईला जातोय. वेगळी सजावट असलेली हॉटेलं दाखवायची इच्छा आहे. त्यांना मोठा आवाज सोसत नाही. – एक वाचक, लोंढा

मग मॉलमधली सगळी एका दमात बाद करा. गाणी वाजतात, फरशी-काच-सिमेंट सगळं कडक, आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होतो. आम्ही छताला दोर, गोणपाट, वेत लावायचो ते काही गावाच्या आठवणीनं नव्हे, ते आवाज पितं म्हणून.

वडील रेल्वेचे ना? पहिल्या दिवशी सीएसएमटीवरच जा. जुना डबा रुळावर उभा करून मध्य रेल्वेनं त्यात २०२१ मध्ये रेस्टॉरंट सुरू करवलं. रेल्वेत जन्म काढलेला माणूस डब्यात शिरला की आधी काय काय चुकलंय ते सांगायला लागेल. तासभर सहज जाईल, आणि तुमचाही.

दुसऱ्या दिवशी इराणी हॉटेलं. धोबीतलावचं कयानी, १९०४चं. सकाळी जा, बनमस्का आणि चहा. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं. ते दुपारच्या जेवणाचं, बेरी पुलाव मागवा. या हॉटेलांना कुणी थीम दिलेली नाही. संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे, मागं गोल वाकवलेल्या लाकडी खुर्च्या. आरसे का, तर गल्ल्यावर बसून मालकाला सगळ्या टेबलांवर नजर ठेवता यावी म्हणून, असं मला एका जुन्या इराण्यानं सांगितलं. खरं-खोटं तो जाणे, पण गल्ल्याच्या खुर्चीत बसून मी बघितलंय, मागचं शेवटचं टेबल दिसतं.

खुर्च्यांवर मी जरा रेंगाळणार, नाइलाज आहे. त्या घाटाची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची, १९५९ नव्हे, १८५९ची. बीच लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं. सगळी खुर्ची म्हणजे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केल्या की एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती जहाजात बसून जगभर गेली. वडिलांना तिच्यावर बसवा, मग ती उलटी करून खालची कडी बघा. वेटर रागावला तर माझं नाव सांगू नका.

कुलाब्याला मोंडेगार आहे. तिथं भिंतभर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. लोटलीचे आपले गोव्याचे मारिओ, लोंढ्याच्या माणसाला परके नव्हेत. पण तिथं संध्याकाळी गर्दी आणि गाणी असतात, तेव्हा दुपारी चारला जाऊन चित्रं बघून या. शेजारच्या लिओपोल्डमध्ये, १८७१पासूनचं ते, २६ नोव्हेंबर २००८च्या गोळ्यांच्या खुणा भिंतीत तशाच ठेवल्यात. त्या दाखवायच्या की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एकदा बघितल्या, चहा अर्धा टाकून उठलो.

प्रश्न : आजकालच्या कॅफेत खुर्च्या इतक्या टोचऱ्या का असतात? – एक वाचक, चिकोडी

कारण तुम्ही वीस मिनिटांत उठावं. ती पत्र्याची रंगीत खुर्ची सगळीकडं दिसते ना, तिचा मूळ घाट १९३४चा, फ्रान्समधल्या झाविए पोशार नावाच्या पत्राकाम करणाऱ्याचा. एकावर एक रचता येते, पावसात भिजली तरी फुगत नाही, आणि बैठक थंडगार. बेंगळूरच्या ‘दर्शिनी’ नावाच्या उपाहारगृहवाल्यांनी १९८३ साली यापेक्षा सरळ उपाय काढला. खुर्च्याच काढून टाकल्या. उभं राहून इडली खा, हात धू, जा. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र टिळकवाडीत जेल थीमचं रेस्टॉरंट काढणार आहोत. गज, कोठड्या, कैद्यांच्या वेशात वेटर. बेंगळूरला हे जोरात चालतं. गजांच्या कामाचा खर्च आणि बाहेर बोर्ड मराठीत लावता येईल का, हे सांगा. – एक वाचक, टिळकवाडी

बाळांनो, गजांचं काम मी केलंय. बेंगळूरात, सोळा मिलिमीटरचे गज, आठ कोठड्या. मालकाला ‘मोकळं’ दिसायला हवं होतं म्हणून दोन गजांत सहा इंच सोडायला लावले. मी चार म्हणत होतो. उद्घाटनाच्या दुसऱ्याच रविवारी एका चार वर्षांच्या पोरानं त्यातून डोकं घातलं. आत गेलं, बाहेर येईना. कानाला खोबरेल चोळलं, आईनं रडून हॉटेल डोक्यावर घेतलं, शेवटी गाडीचा जॅक लावून गज फाकवले तेव्हा सुटलं. दोन गजांत चार इंचांहून जास्त जागा सोडू नका. खर्च लोखंडाच्या रोजच्या भावावर आहे, तो वेल्डरला विचारा.

पण त्याआधी एक ऐका. त्या हॉटेलात मी एकदा मामांना जेवायला नेलं होतं. माझंच काम, मोठ्या ऐटीत नेलं. मामा सीमा आंदोलनात हिंडलग्याच्या जेलात राहून आलेले. कोठडीच्या दारात उभे राहिले, गज हातानं चाचपले, आणि म्हणाले, “काय रं हे? हिंडलग्यात हेच फुकट मिळालं होतं की.” आत आलेच नाहीत. शेवटी बाहेर पायरीवर बसून आम्ही दोघांनी डोसा खाल्ला. वेटर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यात, पायरीवर वाकून चटणी वाढतोय, आणि मामा त्यालाच विचारतायत, “तुझी शिक्षा किती वर्षं राहिली रं?” पोरगा कन्नड, त्याला कळलं नाही, पण हसला.

बेंगळूरला ते चालतं, कारण तिथं जेल म्हणजे सिनेमा. आपल्याकडं हिंडलगा गावाच्या वेशीवर आहे आणि त्यात कुणाचा ना कुणाचा काका, मामा राहून आलाय. तुमच्या गिऱ्हाइकांतले निम्मे कॉलेजचे असतील, त्यांना काही वाटणार नाही. पण ते वाढदिवसाला एकदा येतील, फोटो काढतील, आणि पुढच्या वाढदिवसाला दुसरी थीम शोधतील. रोजच्या चहाला कोठडीत कोण बसतंय? तिघांनी आधी तीन महिने रोज संध्याकाळी एखाद्या चालू कॅफेत बसून मोजा, किती तोंडं पुन्हा दिसतात ते.

बोर्डाचं म्हणाल, तर २०२४च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला आहे, तीही वरची. त्यात पळवाट शोधू नका, रंगाऱ्याला पहिल्यांदाच माप घालून द्या. काळं फासलं की पुन्हा रंगवायचा खर्च दुप्पट येतो, वर मनस्ताप. उरलेल्या चाळीसात मराठी सुबक बसते. मेनूकार्डावर दोन्ही भाषा ठेवा. आपल्याकडं कन्नड बोलणारा ‘ऊटा आयता?’ विचारतो आणि मराठी बोलणारा ‘जेवण झालं काय ओ?’, दोघं एकाच टेबलावर असतात.

प्रश्न : वर्गातली मुलं विचारतात, काळोखात जेवायचं हॉटेल, समुद्राखालचं हॉटेल, थडग्यांमधलं हॉटेल, ही खरंच असतात का? – एक शिक्षिका, अथणी

तिन्ही आहेत, बाई. काळोखाचं पहिलं मोठं नाव झुरिकच्या ‘ब्लिंडेकू’चं, १९९९चं. वाढणारे अंध असतात, त्यांना काळोखाची सवय, आणि डोळस गिऱ्हाईक त्यांचा खांदा धरून टेबलापर्यंत जातं. मुलांना हे नक्की सांगा, त्यांना त्यात मजा वाटेल. समुद्राखालचं मालदीवमध्ये, ‘इथा’ नावाचं, २००५पासून. पाण्याखाली पाच मीटरवर, वर पारदर्शक ॲक्रिलिकची कमान. आणि थडग्यांमधलं अहमदाबादचं लकी. तिथं मी चहा घेतलाय. टेबलांच्या मधून हिरवी थडगी, भोवती लोखंडी कठडे, वेटर त्यांना वळसा घालून कप आणतो. हॉटेलाला म्हणून ती आणलेली नाहीत, हॉटेल त्यांच्याभोवती वाढलं. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे. भीती वाटत नाही. शेजारच्या टेबलावर दोघं जागेच्या व्यवहारावरून भांडत होते.

प्रश्न : माझ्या लग्नातली पितळी भांडी माळ्यावर आहेत. पातेली, तांबे, एक मोठी घागर. एक कॅफेवाला सजावटीसाठी विकत मागतोय. किती घ्यावेत? – एक वाचक, शहापूर

विकू नका, भाड्यानं द्या. तो मोडीच्या भावानं मागत असणार आणि तुम्ही ‘नाहीतरी पडूनच आहेत’ म्हणून देऊन टाकाल. कागदावर लिहून घ्या : किती नग, वजन किती, महिन्याचं भाडं, हरवलं तर काय, आणि वर्षातून एकदा कल्हई त्याच्या खर्चानं. प्रत्येक भांड्यावर तुमचं नाव कोरलेलं असेलच, त्याचा फोटो काढून ठेवा. पातेली आणि तांबे खुशाल द्या.

घागर मात्र देऊ नका. तिच्या बुडाला भोक पाडून, वायर ओवून, उलटी टांगून तिचा दिवा करतात. मी स्वतः असल्या चाळीसेक घागरींना भोकं पाडलीत.